ठाणे खाडीच्या गाळाखाली काय दडलंय? एकाच प्लॉटवर कातळ ५.५ मीटरवर आणि १४ मीटरवरही

खाजणवाट (धागाकर्ता)

ऐरोलीपासून उलव्यापर्यंत खाडीच्या पूर्व काठावरचे बोअर लॉग (जमिनीत भोक पाडून कोणत्या खोलीवर काय लागलं त्याची नोंद) शेजारी शेजारी मांडून पाहा. वरून खाली थर बहुतेक तेच असतात: भराव, काळपट राखाडी मऊ चिखल, पिवळी कडक माती, मुरूम, कातळ. खोली मात्र कुठेच जुळत नाही. बोलायला सोपं जावं म्हणून नमुन्याचे दोन लॉग देतो. दोन बोअरमधलं अंतर ६० मीटर.

बीएच-१: ० ते १.८ मीटर भराव. १.८ ते ४.० मऊ चिखल, एसपीटीचा एन (हातोड्याने सॅम्पलर ठोकायच्या चाचणीतले ठोके, जितके जास्त तितका थर कडक) १ ते २. ४.० ते ५.५ मुरूम, एन ५० च्या वर. ५.५ पासून कातळ. बोअर ७.० ला थांबवलं.

बीएच-२: ० ते २.० भराव. २.० ते ११.२ चिखल, एन ० ते ३. ११.२ ते १२.६ पिवळी माती, चुनखडीचे खडे, एन १८ ते २४. १२.६ ते १४.० मुरूम. १४.० पासून कातळ. बोअर १९.० ला थांबवलं.

दोन्ही लॉग एकाच वेळी खरे असू शकतात का? आणि नसतील तर चूक नेमकी कुठे शोधायची? "खाडीत खडक किती खोल" या प्रश्नाला लोक एक आकडा मागतात, त्याबद्दलही लिहा.

डोंगरधार

खरे असू शकतात, आणि त्याचं कारण खाडीच्या जन्मातच आहे.

तळाशी दख्खनच्या पठाराचा काळा दगड. मुख्य लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, मुंबईच्या बाजूचे काही थर त्याहून तरुण. त्यावर कोट्यवधी वर्षं पाऊस पडला, ओढ्यांनी घळी कोरल्या, सोंडा उभ्या राहिल्या. गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात, म्हणजे सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. तेव्हा आजची खाडी म्हणजे पारसिकच्या डोंगरातून ओढे उतरणारं एक कोरडं खोरं होतं. मग बर्फ वितळलं, समुद्र चढत आला आणि ६-७ हजार वर्षांपूर्वी जवळपास आजच्या पातळीला येऊन ठेपला. खोरं बुडालं. भरतीबरोबर आलेला गाळ आणि ओढ्यांनी आणलेली माती त्यात बसत गेली.

म्हणून चिखलाचा वरचा पृष्ठभाग ताटासारखा सपाट आणि खालचा डोंगरउतारासारखा वरखाली. तुमच्या दोन बोअरमध्ये कातळात ८.५ मीटरचा फरक आहे, अंतर ६० मीटर. म्हणजे साधारण सातास एक उतार. घणसोलीहून पारसिककडे नजर टाका, याहून उभे उतार डोळ्यांसमोर दिसतील.

दुसरा पुरावा तुमच्याच लॉगमध्ये आहे. पिवळी माती फक्त बीएच-२ मध्ये आहे. ती समुद्र येण्याआधीची, जमिनीवरची माती. सोंडेवरून ती धुऊन जाते, घळीत साचते. बीएच-१ सोंडेवर आणि बीएच-२ घळीत असेल तर अगदी असंच दिसायला हवं.

सॅम्पलट्यूब

@डोंगरधार, चित्र पटतं, पण बीएच-१ ला इतक्यात पास करू नका. कातळात फक्त १.५ मीटर गेलेत. आपल्या काळ्या दगडाचं झिजणं कांद्यासारखं असतं: सांध्यांतून पाणी शिरतं, कडा कुजतात, मधला गोळा ताजा राहतो. मुरमात एक ते दोन मीटर व्यासाचे असे गोळे सर्रास असतात. ड्रिलचा बिट गोळ्यावर बसला की १.५ मीटरचा सुंदर कोअर (दगडाचा कापून काढलेला दंडगोल) मिळतो, लॉगवर 'कातळ' लिहिलं जातं, आणि खाली पुन्हा मुरूम लागतो.

हे ओळखायचं कसं:

कातळ लागल्यावर किमान ५ मीटर सलग कोअर काढा. खाडीकाठी ३ वर थांबणं म्हणजे जुगार आहे.

प्रत्येक रनचा (एका दमात कापलेल्या लांबीचा) परतीच्या पाण्याचा रंग लिहा. राखाडीवरून अचानक तांबूस-पिवळा झाला तर गोळा संपला.

रनमधली मिनिटं लिहा. ताज्या काळ्या दगडात १.५ मीटरला तास सहज लागतो. मधे पाच मिनिटांत अर्धा मीटर गेलं तर ते कातळ नव्हे. ही वेळ लॉगमध्ये लिहायची पद्धत मोडीत निघाली आहे आणि त्यामुळेच निम्मे वाद होतात.

कोअरच्या तुकड्यांवर गोलसर, तपकिरी सालीसारखी कड वर आणि खाली दोन्हीकडे दिसली तर नव्वद टक्के गोळाच.

उधाण

त्याही आधी पातळी तपासा. बीएच-२ खाडीच्या अंगाला, बार्जवरून मारलेलं असेल तर खोली कशापासून मोजली? डेकपासून मोजली तर उधाणाच्या दिवशी सहा तासांत डेक चार मीटरहून जास्त वरखाली होतो. सकाळी ११.२ म्हणून लिहिलेली सीमा दुपारी भलतीच निघते. केसिंग (भोकाला आधार देणारी लोखंडी नळी) तळात पक्कं बसवायचं, त्याच्या तोंडाची पातळी एकदाच ठरवायची आणि प्रत्येक खोली तिथूनच मोजायची. सोबत भरतीची पट्टी आणि दर एसपीटीला तिचं वाचन.

दुसरा गोंधळ शून्य पातळीचा. समुद्रातली कामं चार्ट डेटमवर (खालच्या ओहोटीच्या पातळीवर), जमिनीवरची सरासरी समुद्रपातळीवर, मुंबई महापालिकेच्या जुन्या नकाशांत टाऊन हॉल डेटम. मुंबईत चार्ट डेटम आणि सरासरी समुद्रपातळी यांत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. दोन बोअर दोन वेगळ्या कामांतली असतील तर अडीच मीटरचा 'उतार' नुसता कागदावर तयार होतो.

खाजणवाट

दोन्ही बोअर जमिनीवरची, एकाच बेंचमार्कवर, असं धरून चालू. @सॅम्पलट्यूब यांचा मुद्दा जास्त लागू आहे. बीएच-१ खरंच ७.० लाच थांबवलंय.

कळंबोलीपार

कातळाइतकाच चिखलाच्या जाडीतला फरक महत्त्वाचा, कारण प्लॉटवर दुखणं तिथून सुरू होतं. हिशोब करून पाहा.

आपल्या खाडीच्या चिखलात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर, काळ्या दगडाच्या झिजेतूनच आलेली. नैसर्गिक ओलावा ७० ते १०० टक्के, म्हणजे १०० ग्रॅम कोरड्या मातीमागे तेवढंच पाणी. द्रव मर्यादा (माती पातळ होऊन वाहू लागते तो ओलावा) ८० ते १००. संपीडन निर्देशांक (दाबाखाली माती किती दबते) ०.९ धरा, सुरुवातीचं पोकळी गुणोत्तर २.३, चिखल ८ मीटर जाड, पाणी चिखलाच्या माथ्यावर. मध्यावर परिणामी दाब, खोली ४ गुणिले चिखलाचं पाण्यातलं वजन ५, म्हणजे २० किलोपास्कल. वर २ मीटर मुरूम टाकला तर आणखी ३६. लॉगॅरिदम ५६ भागिले २०, म्हणजे ०.४५. खचणं आलं ०.९ भागिले ३.३ गुणिले ८ गुणिले ०.४५, जवळपास ९८ सेंटिमीटर. मुरूम पाण्याखाली गेला की त्याचं वजन हलकं होतं म्हणून थोडं कमी, पण ८०-९० सेंटिमीटर पक्कं.

हेच गणित बीएच-१ च्या २.२ मीटर चिखलाला लावा. तिथे सुरुवातीचा दाब कमी म्हणून टक्केवारीने जास्त, तरी एकूण ४०-५० सेंटिमीटरच्या आतबाहेर. ६० मीटरच्या अंतरात निम्म्या मीटरचा फरक. सरळ बांधलेली कंपाउंड भिंत, गटाराचा उतार, पाण्याची पाइपलाइन सगळं त्या रेषेवर तुटतं.

आणि वेळ? एकत्रीकरणाचा गुणांक (पाणी निघून चिखल दबण्याचा वेग) वर्षाला १ चौरस मीटर धरला आणि पाणी वर-खाली दोन्हीकडून निघू शकलं तर ८ मीटरला ९० टक्के खचायला साडेतेरा वर्षं. खालून निघालं नाही तर चौपट, ५४ वर्षं. म्हणून पट्टीचे निचरे (चिखलातलं पाणी वर काढणाऱ्या उभ्या पट्ट्या) मारतात. १०० बाय ४ मिलिमीटरची पट्टी, त्रिकोणी मांडणीत १ मीटर अंतरावर, आडवा गुणांक उभ्याच्या दीडपट धरला तर ९० टक्क्यांना साधारण पाच महिने. पट्टी ठोसताना भोवतालचा चिखल लडबडतो आणि आडवा निचरा मंदावतो, ते धरून सात-आठ महिने म्हणा.

पुळणकर

@कळंबोलीपार, खालून पाणी निघतं की नाही हे कसं ठरवता? पिवळी माती तर चिकणच असते.

कळंबोलीपार

नेमका प्रश्न. पिवळी माती चिखलाइतकीच बंद असेल तर निचरा एकतर्फी धरायचा. ज्या बोअरमध्ये चिखल थेट मुरमावर बसलाय, जसं बीएच-१, तिथे मुरूम पाणी घेतो म्हणून दोन्हीकडून. म्हणजे जिथे चिखल पातळ तिथे तो लवकरही खचतो, आणि जिथे जाड तिथे जास्तही आणि सावकाशही. फरक सुरुवातीला एका बाजूचा दिसतो, काही वर्षांनी उलट बाजूचा.

तिवरबन

भराव टाकण्याची रीतही लिहा कोणीतरी, कारण चुका तिथे होतात. मिठागरांच्या जागेवर वरचा अर्धा ते एक मीटर चिखल उन्हाने वाळून कडक झालेला असतो. त्या कवचावर माणूस चालतो, हलका डोझरही चालतो. 'खराब माती' म्हणून ते कवच खरवडून काढलं की खाली जेमतेम ८ किलोपास्कल ताकदीचा लगदा उघडा पडतो आणि यंत्रं फसतात. कवच ठेवायचं. त्यावर जिओटेक्स्टाइल (मातीत अंथरायचं कृत्रिम कापड), मग पहिला थर अर्ध्या मीटरचा.

८ किलोपास्कलच्या चिखलावर एका दमात किती उंच भराव उभा राहतो? धारणक्षमतेचा गुणांक ५.१४ गुणिले ८ भागिले भरावाचं वजन १८, म्हणजे २.३ मीटर, तोही काठावर. सुरक्षेचा भाग १.३ धरला तर पावणेदोन. दोन मीटर एका रात्रीत ओतला तर भराव खाली जातो आणि पुढे चिखलाची लाट उठते. ती लाट तिवरांच्या बाजूला गेली तर श्वासमुळं गाडली जातात आणि झाडं उभ्या उभ्या मरतात. तिवरांभोवतीचा ५० मीटरचा पट्टा कायद्याने राखीव आहे. चिखलाची लाट मात्र कुंपणाखालून जाते, म्हणून भरावाच्या पायाशी सरकणं मोजायच्या खुंट्या लावाच. पायथा आडवा सरकत असेल आणि मधला भाग तितका खचत नसेल तर काम त्याच तासाला थांबवायचं.

२०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. तिथल्या पाखरांचं सगळं जगणं या चिखलाच्या वरच्या काही सेंटिमीटरांवर आहे. आपण इथे खालच्या पंधरा मीटरांबद्दल बोलतोय, पण हात लावताना वरचे ते सेंटिमीटर आधी आठवावेत.

नकाशेवाला

थोडं विषयांतर. @डोंगरधार यांनी बुडालेलं खोरं म्हटलं त्याचा सर्वांत सुंदर पुरावा खाडीच्या पलीकडे, मुंबई बंदरात मिळाला होता. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराची शेकडो झाडं सापडली. कित्येकांचे बुंधे उभे, मुळं खालच्या जुन्या जमिनीत रुतलेली, वर सगळा समुद्री चिखल. खैर हे कोरड्या उताराचं झाड, खाऱ्या पाण्यात उगवत नाही.

पुळणकर

पण तेव्हाच्या लोकांनी त्याचा अर्थ जमीन खचली असा लावला होता ना? समुद्र चढला हे एवढं ठामपणे कशावरून?

डोंगरधार

समुद्र चढला हे जगभरच्या किनाऱ्यांवरून सिद्ध आहे, त्यामुळे तेवढं तरी नक्की धरायलाच हवं. शिवाय जमिनीची हालचाल झाली का, हा वेगळा प्रश्न. एकाने दुसरा खोटा ठरत नाही.

जमिनीच्या हालचालीचं मोठं उदाहरण पनवेलचा वाक. सह्याद्रीत लाव्ह्याचे थर जवळपास आडवे. पश्चिमेकडे येताना ते वाकतात आणि मुंबईत समुद्राकडे झुकलेले दिसतात, बऱ्याच ठिकाणी १० ते १५ अंश. पण हा वाक कोट्यवधी वर्षं जुना. त्याचा खैराच्या बुंध्यांशी संबंध जोडू नये.

नकाशेवाला

मग खाडी या वाकाच्या रेषेत उत्तर-दक्षिण पसरली हा योगायोग? काठाला समांतर डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंती) आहेत, उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरीचे गरम झरे आहेत. मला खाडी म्हणजे भेगेवर कोरलेलं खोरं वाटतं.

डोंगरधार

'भेगेवर कोरलेलं' इथपर्यंत मान्य. दगड वाकताना फुटला, फुटलेल्या पट्ट्यात पाणी शिरलं, तिथे जास्त कुजला, ओढ्यांनी तो पट्टा निवडला. पण 'खाडीच्या दोन बाजू वरखाली सरकल्या' असं म्हणायला दोन्ही काठांवर तोच लाव्हाचा थर वेगवेगळ्या उंचीवर दाखवावा लागेल.

कामाच्या दृष्टीने फुटलेला पट्टा हाच मुद्दा. अशा पट्ट्यात मुरूम १०-१५ मीटर जाडही मिळतो आणि शेजारी डाइक असेल तर कातळ एकदम वर. @खाजणवाट, तुमच्या बीएच-१ ला डाइकचीही शक्यता धरा. डाइकचा दगड बारीक कणांचा, घट्ट, पोकळ्या जवळपास नसलेला. बाजूच्या लाव्ह्यात पांढऱ्या झिओलाइटने भरलेल्या गाठी असतात. कोअर हातात घेतला की फरक कळतो.

मुरूमपाटी

कोअरवरून आठवलं. खाडीच्या पश्चिमेला, ट्रॉम्बे-शिवडी भागात ज्वालामुखी ब्रेशिया (दगडी तुकडे एकत्र घट्ट झालेला दगड) आणि टफ (घट्ट झालेली राख) लागतो. तिथे आरक्यूडी माणसाला फसवते. आरक्यूडी म्हणजे १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची एकूण लांबी भागिले रनची लांबी. ब्रेशियात सांधे कमी म्हणून कोअर लांबच लांब, आरक्यूडी ९० टक्के, लॉगवर 'उत्तम'. दाबून पाहिलं तर ताकद १० मेगापास्कलच्या आसपास. शेजारचा काळा दगड सांध्यांनी चिरलेला म्हणून आरक्यूडी ४०, लॉगवर 'कमकुवत', आणि त्याचा तुकडा १०० मेगापास्कल घेतो. पाइलचं सॉकेट (पायाचा खांब कातळात किती रुतवायचा ते) नुसत्या आरक्यूडीवरून ठरवलं तर दोन्हीकडे चुकतं.

ब्रेशिया उघड्यावर सुकला आणि पुन्हा भिजला की भुगा होतो. कोअर बाहेर आल्या आल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मेण लावा. पेटीत महिनाभर उन्हात ठेवलेला नमुना दाबून काय मिळणार? हेच लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गेरूच्या लाल पट्ट्याला. तो तर धुण्याच्या पाण्यातच वाहून जातो आणि कोअर पेटीत नुसती मोकळी जागा राहते. त्या मोकळ्या जागेला 'कोअर हरवला' म्हणून सोडू नका, तिथे गेरू होता का हे परतीच्या पाण्याच्या लाल रंगावरून लिहा. डबल ट्यूब बॅरल (कोअर पाण्यापासून वाचवणारी दुहेरी नळी) वापरा, सिंगलने हा पट्टा कधीच हाती लागत नाही.

वर्षा_का

दोन बोअरच्या मधे भूभौतिक सर्वेक्षण करून भागेल का? रेझिस्टिव्हिटी (जमिनीचा वीजरोध मोजणं) स्वस्त पडते.

उधाण

रेझिस्टिव्हिटी इथे नको, ताई. खारं पाणी इतकी वीज वाहून नेतं की चिखल, भिजलेली पिवळी माती आणि भिजलेला मुरूम सगळे एकसारखे दिसतात.

अपवर्तनाची भूकंपी पद्धतही अर्धीच कामाची. पाण्याने भरलेल्या चिखलात ध्वनीचा वेग सुमारे १५०० मीटर प्रतिसेकंद, कारण तो पाण्याचाच वेग. भिजलेल्या मुरमात १६०० ते २०००. दोघांतली सीमा पुसट येते. ताजा कातळ ४००० च्या वर म्हणून तो मात्र छान दिसतो.

चिखल आणि मुरूम वेगळे करायचे असतील तर आडव्या लहरी हव्यात, म्हणजे मास्व (MASW, जमिनीच्या पृष्ठलहरींवरून आडव्या लहरींचा वेग काढायची पद्धत). पाणी आडव्या लहरी वाहत नाही, त्यामुळे चिखलात वेग ६० ते १२०, मुरमात २५० ते ४००, कातळात ७०० च्या पुढे. सीमा ठसठशीत. पाण्यावरून सब-बॉटम प्रोफायलर (आवाज सोडून तळाखालचे थर दाखवणारं यंत्र) फिरवणार असाल तर एक अडचण लक्षात ठेवा: गाळात कुजलेल्या पाचोळ्याचा मिथेन असतो. त्याचे बुडबुडे आवाज गिळतात आणि पट्टीवर खाली सगळा काळोख येतो. तो काळोख म्हणजे खोल घळ असं समजू नये.

मांडवीकाठ

गोव्याकडून थोडी भर. आमच्या खाजनांतही वर मऊ काळा चिखल, पण तळाला तुमचा काळा दगड नाही. खाली गोवा समूहाचे शिस्ट, फिलाइट, ग्रेवॅक, आणि त्यांच्यावर जांभा. त्यामुळे 'पिवळी माती, मग मुरूम' ही साखळी इथे तशीच शोधू नये. जांभा वर कडक, खाली मऊ शेडी माती. एसपीटी जांभ्यावर आपटून थांबते आणि लोक कातळ लागला म्हणतात. दोन-तीन मीटर खाली एन पुन्हा १५ वर येतो. ठोके वाढले की खडक, हा नियम कोकण-गोव्यात कुठेच चालत नाही.

सॅम्पलट्यूब

@मांडवीकाठ, उत्तम मुद्दा, आणि एन बद्दल उलट बाजूचंही सांगतो. मऊ चिखलात एसपीटीचा काही उपयोग नाही. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो. इथे सळ्यांच्या नुसत्या वजनानेच सॅम्पलर ४५ सेंटिमीटर खाली जातो. एन शून्य. शून्यावरून ५ किलोपास्कल की १५, ते कळत नाही, आणि @तिवरबन यांच्या गणितात सगळा खेळ त्याच आकड्याचा.

चिखलात व्हेन शिअर करा, म्हणजे पाती मातीत फिरवून ताकद मोजा. पाती बोअरच्या तळाखाली व्यासाच्या किमान चार-पाच पट खाली ढकलायची, मिनिटाला ६ अंश या गतीने फिरवायची. हाताने भरभर फिरवली की ताकद वाढून दिसते. वरच्या मीटरभरात तिवरांची मुळं असतात, तिथली वाचनं सोडून द्या, मुळं पात्याला अडतात. शिंपला आला तर आकडा एकदम उडी मारतो, तोही गाळायचा.

आणि नमुन्याला पातळ भिंतीची नळी, क्षेत्र गुणोत्तर (भिंतीची जाडी नमुन्याच्या मानाने किती) १० टक्क्यांच्या आत. दाबून घालायची, ठोकायची नाही. खेचण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबायचं म्हणजे चिखल नळीला धरतो. नाहीतर वर येते ती रिकामी नळी.

वर्षा_का

प्रयोगशाळेतली एक नेहमीची चूक: द्रव मर्यादेसाठी माती ओव्हनमध्ये वाळवून मग कुटतात. या चिखलातले सेंद्रिय पदार्थ आणि चिकणमातीचे कण एकदा भाजले की पुन्हा तितकं पाणी धरत नाहीत. ९५ ची द्रव मर्यादा ७० दिसू शकते. मग ओलावा द्रव मर्यादेहून खूप जास्त आला, नमुना भिजला असणार, असा उलटा निष्कर्ष निघतो. नैसर्गिक ओलाव्यावरून सुरुवात करून हळूहळू हवेत सुकवत करा. कणमापनाला सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालण्याआधी मीठ धुऊन काढा, नाहीतर मिठाने कण एकमेकांना चिकटून चिखल 'सिल्ट' ठरतो.

नळी उघडतानाचं एक सांगते, कारण लॉगमधला रंग तिथेच चुकतो. माती बाहेर ढकलून तारेने उभी चिरा. ताजा काप काळसर हिरवट असतो, सडक्या अंड्याचा वास येतो. नीट पाहिलं तर केसाएवढ्या बारीक पांढुरक्या रेघा आडव्या गेलेल्या दिसतात, त्या गाळवाळूच्या. मधे नखाएवढी तिसरी (खाडीतला शिंपला), दोन्ही शिंपा अजून जोडलेल्या. जोडलेल्या शिंपा म्हणजे ती तिथेच जगली आणि तिथेच गाडली गेली, लाटेने आणून टाकलेली नाही. अर्ध्या तासात हवेने कापावर तांबूस छटा चढते. 'तपकिरी चिकणमाती' असं लिहिलेल्या कित्येक ओळी उशिरा उघडलेल्या नळ्यांच्या असतात. रंग पहिल्या पाच मिनिटांत लिहा.

त्या रेघाही मोजा. जिथे दाट तिथे आडवा निचरा चांगला, @कळंबोलीपार यांचं दीडपट तिथे दुप्पट-तिप्पटही होतं.

पुळणकर

वासाचं कारण गंधक ना? असा चिखल उपसून उघड्यावर टाकला तर?

तिवरबन

हो. हवा नसलेल्या चिखलात लोह-गंधकाची संयुगं, पायराइट वगैरे बनतात. उपसून सुकत टाकलं की हवेने गंधकाम्ल तयार होतं. केरळात कुट्टनाडची 'करी' माती अशीच आम्ल, आणि तिथेही चिखलात गाडलेली लाकडं सापडतात. आपल्याकडे शिंपल्यांचा चुना काही आम्ल मारतो, पण सगळीकडे पुरेल याची खात्री नाही. उपसलेला चिखल शेतात टाकण्याआधी सामू मोजा: ताज्याचा एकदा, आणि ओलसर ठेवून आठ आठवड्यांनी पुन्हा.

मुरूमपाटी

पाइल करणार असाल तर दोन गोष्टी. भोक धरून ठेवायला बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) खाऱ्या पाण्यात कालवू नका, गुठळ्या होऊन खाली बसतं. गोड्या पाण्यात १२ ते २४ तास भिजवून मग वापरा, किंवा चिखलभर कायमचा लायनर (लोखंडी नळी) घ्या. दुसरं, खचणारा चिखल पाइलला खाली ओढतो. १ मीटर व्यासाचा पाइल, ८ मीटर चिखल, भरावासकट मध्यावर ५६ किलोपास्कल, गुणांक ०.२५ धरला तर १४ किलोपास्कल गुणिले ३.१४ गुणिले ८, म्हणजे ३५० किलोन्यूटन. पस्तीस टन वजन इमारतीआधीच पाइलवर बसलं. बीएच-१ च्या बाजूला हेच साधारण सात टन.

खाजणवाट

सगळं वाचून मूळ प्रश्नाकडे येतो. माझं मत असं बनलंय की बीएच-२ वर विश्वास ठेवायचा आणि बीएच-१ चा कातळ कच्चा धरायचा. पुढची आखणी:

बीएच-१ पासून १.५ मीटर सरकून नवं बोअर, कातळात ५ मीटर, डबल ट्यूब, वेळ आणि पाण्याचा रंग प्रत्येक रनला. दोन्हींना जोडणाऱ्या रेषेवर मास्व. त्यात उतार जिथे बदलेल तिथे एक बोअर, आणि रेषेला काटकोनात एक, घळ कोणत्या दिशेने जाते ते पाहायला. चिखलात एसपीटीऐवजी दर मीटरला व्हेन. मग चिखलाच्या तळाचा समोच्च नकाशा, कातळाचा वेगळा.

डोंगरधार

दोन नकाशे वेगळे काढताय हे फार चांगलं. त्यात तिसरा घाला: पिवळी माती कुठे आहे, कुठे नाही, एवढाच. जुना ओढा त्याच नकाशावर आधी उमटतो. काटकोनातल्या बोअरला पिवळ्या मातीच्या तळाशी गोल गोटे लागले तर तो ओढ्याचा पात्रभाग, आणि तिथून पाणी वर येईल याची तयारी ठेवा.

सॅम्पलट्यूब

एकच दुरुस्ती. नवं बोअर १.५ नव्हे, किमान ३ मीटर सरकवा. गोळा दोन मीटरचा असेल तर दीड मीटरवर पुन्हा त्याच्याच कडेवर बसाल. आणि केसिंग मुरमात अर्धा मीटर तरी रुतवल्याशिवाय कोअर सुरू करू नका, नाहीतर वरचा चिखल सांध्यात घुसतो आणि लॉगवर 'सांध्यात चिकणमाती भरलेली' असं येतं.

खाजणवाट

३ मीटर करतो. केसिंगचंही टिपून घेतलं. नवे लॉग आले की पातळ्यांसकट इथेच टाकेन.